धनगरणीची पाठवणी

“खंडित मूर्त घरात ठिवत न्हाईत, बाईसाहेब. म्हून म्या तिला इंद्रायणीत पोचवली,” धोंडाबाई म्हणाली आणि आता काय व्हायचं ते होऊ दे, अशा बेताने पदर खोचून उभी राहिली.

शिरीनबाईंचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. मुंबईच्या या विधवा पारशी बाई दर उन्हाळ्यात लोणावळ्याच्या आपल्या बंगल्यात येत, आणि आल्या की आधी दिवाणखान्यातलं काचेचं कपाट उघडत. त्यात विलायतेतल्या जुन्या चिनी मातीच्या बाहुल्या होत्या. घेरदार झग्यांतल्या मडमा, सारंगी वाजवणारे साहेब, शिपाई, कुत्री. गोरी कुटुंबं मायदेशी परतताना सामानाचा लिलाव करत, तिथून बाईंनी त्या एकेक करून जमवल्या होत्या. पण सगळ्यांत लाडकी होती ती कोकरू कवेत घेतलेली धनगरीण. लग्नाच्या पहिल्या वर्षी नवऱ्याने आणून दिलेली. आज नेमकी तिचीच जागा रिकामी होती.

धोंडाबाई मळवलीची. तिचा नवरा सोपान बाग बघे, ती घर. एरवी बंगल्यात माणूस नसे, त्यामुळे पुसता पुसता ती या बाहुल्यांशीच बोलायची. धनगरणीला तर लेकीसारखी रागवायचीसुद्धा. होळीच्या सुमाराला तिच्या बांगडीचा धक्का लागला आणि धनगरणीचा हात मनगटातून निखळला.

“माकडानं पाडली म्हून सांग,” सोपानने तेव्हाच सुचवलं होतं. “हितं माकडांना काय तोटा हाय?”

“मारुतीच्या सैन्यावर आळ घिऊ? त्यापरीस नोकरी गेली तर गेली.”

आणि आज तिने खरं ते सांगून टाकलं होतं.

“अरे पण धोंडी, तुटला तर चिकटवायचा! पाण्यात काय टाकते?” शिरीनबाईंनी कपाटातला ढोलवाला शिपाई काढून उजेडात धरला. त्याच्या गळ्याभोवती केसाएवढी तपकिरी रेघ होती. “हे बघ. याचा मान तुटला होता. त्या मडमचा पाय. अर्धा कपाट असाच आहे!”

इतकी वर्षं आपण एवढ्या खंडित मूर्तींसोबत एका छपराखाली राहिलो, हे कळून धोंडाबाई आधी हादरली. मग तिच्या ध्यानात दुसरंच काही आलं.

“म्हंजी ती बरी झाली असती?”

“झाली असती ना.”

“आन् म्या तिला जित्तीच पोचवली!”

तिने पदरात तोंड घालून हंबरडा फोडला. बोलणी खायची तिची तयारी होती, उत्तरंही घोकून ठेवलेली होती. ती सगळी आता फुकट गेली. शिरीनबाईंना चांगलं खडसवायचं होतं, पण समजूत घालण्याची पाळी त्यांच्यावरच आली.

“नदीत फेकली का ग?”

“फेकीन कशी? वटी भरली तिची. माज्या नव्या खणात गुंडाळली. डोहात कपारीला बसवलीया, वाहून जाऊ न्हाई म्हून.”

शिरीनबाईंनी टांगा मागवला आणि सोपानलाही बरोबर घेतलं.

वैशाखातलं पाणी जेमतेम मांडीएवढं होतं. धोंडाबाई कासोटा घालून आत शिरली, कपारीत खांद्यापर्यंत हात घातला आणि हिरव्या खणाचं गाठोडं वर काढलं. धनगरीण सुखरूप होती. कोकराच्या नाकावर तेवढं शेवाळ धरलं होतं. तिच्यासोबत गुंडाळलेला तुटका हात मात्र मिळाला नाही. सोपानने पुष्कळ वाळू चिवडली, शेवटी हात नदीलाच राहिला.

काठावर शिरीनबाईंनी हात पुढे केले, तशी धोंडाबाई पाण्यातच थबकली. “पर बाईसाहेब, पाठवणी केलेली माघारी न्यायची कशी?”

“अगं, लेक म्हायेरपणाला येत न्हाई का?” सोपान म्हणाला.

संसार सुरू झाल्यापासून नवरा पहिल्यांदाच कामाचं बोलला, अशा नजरेने धोंडाबाईने त्याच्याकडे पाहिलं आणि धनगरीण बाईंच्या हाती दिली.

बंगल्यापाशी टांगा थांबला. शिरीनबाई लगबगीने पायऱ्या चढल्या, पण धोंडाबाई दारात आडवी आली.

“उंबऱ्याबाहीर थांबा. भाकरतुकडा ओवाळल्याबिगर लेक आत येत न्हाई.”

ती आत पळाली. बंगल्याची मालकीण आपल्याच पायरीवर, भर उन्हात, ओली धनगरीण छातीशी धरून उभी राहिली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून ओरड आली, की सकाळची भाकरी संपलीय, नवी थापावी लागंल.

“सावकाश कर,” शिरीनबाई म्हणाल्या आणि आपल्या रेशमी पदराच्या टोकाने कोकराचं नाक पुसू लागल्या.