वेशीबाहेरची पालकसभा

अठ्ठावन्न साली तालुक्याहून पत्र आलं: शाळेसाठी बारा पुस्तकं मागवा, पण पालकांना विचारून, यादी महिनाअखेर पाठवा. मी तीन शनिवार सभा बोलावली. तिन्ही शनिवार सभेला सतरंजी आणि मी. संताप आला, आणि खरं सांगते, रडूही आलं. दोन वर्षं त्या गावात शिकवत होते, पण कुणाच्या चुलीपाशी बसले नव्हते.

तेवढ्यात देवाने गावपळणीचा कौल दिला. तीन दिवस गाव रिकामं ठेवायचं. माणसं, गुरं, कोंबड्या, सगळ्यांनी वेशीबाहेर झोपड्या बांधून राहायचं. मला कुणी चल म्हटलं नाही. शेवटची बैलगाडी निघाली तेव्हा तालुक्याहून आलेली नमुन्याच्या पुस्तकांची ट्रंक डोक्यावर घेऊन मी मागून चालू लागले. मेली मान मोडली तरी चालेल, म्हटलं.

वेशीपलीकडे तुळसाने मला पाहिलं. तिचा मुलगा माझ्या तिसरीत.

“बाई, तुमी? आमका वाटला, तुमी सावंतवाडीक घराक गेल्यात.”

प्रत्येक घराला तसंच वाटलं होतं. तिने मला ओढून आपल्या झोपडीत नेलं आणि पेज वाढली.

तिथे ना शेत, ना दळण. माणसं रिकामी. “ट्रंकेत काय आसा?” म्हणत एकेक जण आला. मुलं वाचायची, मोठी ऐकायची आणि भांडायची.

“राजे पुरे झाले,” म्हातारी आनंदीबाई म्हणाली. “मासे मारणाऱ्याची गोष्ट खंय आसा?”

गणपतला बैलांच्या रोगांचं पुस्तक हवं होतं. हे मुलांचं नाही, मी म्हटलं.

“पोरगो वाचतलो, तेव्हा माका कळतला,” तो म्हणाला. मी ते यादीत लिहिलं.

दोन दिवसांत बारा झाली. इतकी मी त्या गावात कधी हसले नव्हते.

चौथ्या दिवशी सगळे घरी परतले. शनिवारी यादी वाचून दाखवायला पुन्हा सभा ठेवली. कुणी आलं नाही. रागारागाने तुळसाच्या खळ्यात गेले. ती भात झोडत होती.

“बसा बाई. पण माका वेळ नाय.”

ती खोटं बोलत नव्हती. तिच्याकडे वेळ नव्हता, आणि माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

यादीखाली मी लिहिलं: सर्व पालक हजर होते. पाकीट पोस्टात टाकलं आणि येताना देवळात शिरले. पुढची गावपळण कधी, गुरवाला विचारलं.

“देव सांगतलो तेव्हा,” तो म्हणाला. “तीन-चार वर्सां तरी जातली.”