माझ्या पाठीचा रंग

मी एक जुनी, दोन दारांची, लाल गाडी आहे. हे वाक्य मी आजवर किती तोऱ्यात म्हणत आले! गेल्या मंगळवारी मात्र कळलं की, त्यातलं निम्मंच खरं आहे. मित्रांनो, त्या धक्क्यातून मी अजून सावरलेली नाही. सांगताना इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. बसका बांधा, लांब नाक, मागे उतरतं छप्पर. रूप शर्यतीच्या गाडीचं, पण किंमत साध्या नोकरदाराला झेपेल अशी. कारखान्यातले लोक आम्हाला गमतीने ‘गरिबाची शर्यतगाडी’ म्हणत. मला त्याचा भारी राग यायचा.

दातांच्या एका डॉक्टरीणबाईंनी मला घरी नेलं. त्यांची सात वर्षांची मुलगी माझ्या मागच्या सीटवर बसायची आणि बूट पुढच्या सीटच्या पाठीला टेकवायची. आई म्हणायची, “पाय खाली!” पाय खाली जायचे आणि दोन मिनिटांत पुन्हा वर यायचे. मला ते बूट आवडायचे. सहा वर्षं मी त्या दोघींना शाळेत, दवाखान्यात, पोहायच्या तलावावर नेलं आणि एकदाही रस्त्यात बंद पडले नाही.

मग एके दिवशी आम्ही तिघी लाल दिव्यापाशी उभ्या होतो. मागून मोठा आवाज आला. त्यापुढचं मला काही आठवत नाही.

शुद्धीवर आले तेव्हा मी एका शेडमध्ये होते. अंगाला ताज्या रंगाचा वास येत होता. मी आधी मागची सीट पाहिली. ती जिथल्या तिथे होती, साधा ओरखडाही नाही. माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे धडक हलकीच होती, पोरगी सुखरूप असणार! डॉक्टरीणबाई मला न्यायला का आल्या नाहीत, एवढंच कोडं होतं. पण पोरीची काळजी मिटली होती आणि त्या समाधानावर मी पुढचे दिवस काढले.

पुढे मी जुन्या गाड्या विकणाऱ्या एका माणसाच्या आवारात आले. त्याला सगळे पाठीमागे गोडबोल्या म्हणत. त्याने डोक्यावर लाल ताडपत्री ताणली होती. तिच्याखाली आम्ही सगळ्या गाड्या नव्या नवरीसारख्या दिसायचो. तो रोज माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणायचा, “एकाच मालकाची आहे साहेब. डॉक्टरांची गाडी. खरचटलेलंसुद्धा नाही.” ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. खोटं बोलतोय, हे मला कळायचं; पण कौतुक कोणाला नको असतं?

कितीतरी लोक मला चालवून गेले. कुणी म्हणालं, डिकी लहान आहे. कुणी म्हणालं, मागे बसायचं तर पाय काढून ठेवावे लागतील. मी निमूटपणे परत येऊन ताडपत्रीखाली उभी राहायचे.

मंगळवारी सकाळी एक जोडपं आलं. नवरा तीस वर्षं बस चालवून नुकताच निवृत्त झाला होता. बायको शिवणकाम करणारी, गळ्यात अजून मापाची टेप तशीच. कामावरून थेट ओढून आणली असावी. मला बघताच ड्रायव्हरकाकांचा चेहरा असा फुलला की, मी मनात म्हटलं, हेच माझं घर.

“अहो, पण यात शिरायचं कसं?” काकू म्हणाल्या.

“वाकून,” काका म्हणाले आणि कुरकुरणारे गुडघे वाकवत आत शिरले.

काकू मागे बसल्या, कारण मागची जागा त्यांच्या नातीची होणार होती. दर शनिवारी फिरायला न्यायचं, असं काकांनी तिला कबूल करून टाकलं होतं. गोडबोल्या पुढे काकांच्या शेजारी बसला आणि आम्ही निघालो.

मित्रांनो, सरळ रस्त्यावर मी काय धावले म्हणून सांगू! काका लहान मुलासारखे हसत होते. “पन्नास माणसं पाठीशी घेऊन आयुष्य गेलं. आज पहिल्यांदा एकटा पळतोय!”

“एकटा? मी काय इथे दुमडून ठेवलेली साडी आहे?” मागून आवाज आला.

पुढे वळण आलं. काकांनी मला वळवलं आणि त्यांचं हसू थांबलं. मी वळले, पण माझी पाठ किंचित उशिरा वळली. मला ती खोड शेडमधून निघाल्यापासून होती. वय झालं, असं मी समजत होते. काकांनी पुढचं वळण जरा हळू घेतलं. पुन्हा तेच झालं.

“रस्ता खराब दिसतोय,” काका स्वतःशीच म्हणाले. रस्ता तुळतुळीत होता. गाडी मनात भरली की, तीस वर्षांचा अनुभवसुद्धा कसा गप्प बसतो, ते मी तेव्हा पाहिलं.

“जरा थांबवता का?” काकू म्हणाल्या. “मला ही उन्हात बघायचीय.”

गोडबोल्या हसला. “वहिनी, गाडी आहे ही. साडी नाही.”

“दुकानातल्या दिव्याखाली मी रुमालसुद्धा घेत नाही. रंग उन्हातच कळतो.”

काकांनी मला मोकळ्या जागी उभं केलं. काकू उतरल्या, चार पावलं मागे गेल्या, डोळे बारीक केले. मग जवळ येऊन त्यांनी एक बोट माझ्या दारावर आणि दुसरं माझ्या मागच्या अंगावर ठेवलं.

“हे दोन ताग्यांतलं आहे,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“पुढचा लाल वेगळा आणि मागचा लाल वेगळा. एका रंगाचे दोन तागे असे असतात. शेजारी ठेवले की लगेच कळतं.”

गोडबोल्या म्हणाला, “ऊन लागून उडतो हो रंग.”

“मग पुढचा भाग काय सावलीत ठेवला होता?” एवढं म्हणून काकू पुन्हा आत शिरल्या. पुढच्या सीटखालचा गालिचा त्यांनी उचकटला आणि अंगठा फिरवू लागल्या, शिवण तपासतात तसा. या दारापासून त्या दारापर्यंत अंगठा फिरला आणि थांबला.

“अहो, इकडे या. हिला मधोमध जोड आहे.”

काका ओणवे झाले. काळ्या डांबरासारख्या थराखाली वेल्डिंगची ओबडधोबड रेघ होती, आरपार. तशीच रेघ दारांच्या उंबऱ्यांवर, तशीच वर छपराकडे जाणाऱ्या खांबांत. दोन अपघाती गाड्या कापून, एकीचा पुढचा आणि दुसरीचा मागचा भाग सांधून कुणीतरी मला उभं केलं होतं.

मित्रांनो, इतके दिवस जिला मी माझी पाठ म्हणत होते, ती कुणाची होती? आणि मग लक्षात आलं. ती मागची सीट, जी शाबूत बघून मी निश्चिंत झाले होते, ती माझी नव्हतीच! माझी सीट कापून कुठेतरी टाकली होती. का कापावी लागली? तिच्यावर बसलेल्या पोरीचं काय झालं? मला ओरडायचं होतं. हॉर्न पुढच्या भागातला, माझा स्वतःचा होता. पण तो वाजवायला माणसाचा हात लागतो.

गोडबोल्याचा चेहरा पडला. “मीही अशीच घेतली हो. मला काय माहीत? पण चालतेय ना? एवढा जोड तर...”

“कपड्याला मीपण जोड देते,” काकू म्हणाल्या. “तो उसवला तर माणूस लाजतो. हा उसवला तर माझी नात मागे राहील आणि हे पुढे जातील.”

काका मटकन रस्त्याच्या कडेला बसले. “मला वळणावर कळलं होतं गं,” ते म्हणाले. “कळलं होतं, आणि मी रस्त्याला नाव ठेवलं.”

 गोडबोल्याने हात पुढे केला. “नका घेऊ. किल्ली द्या. दुपारी दुसरं गिऱ्हाईक यायचंय.”

“कोण?”

“आहे एक जोडपं. नवीन बाळ आहे त्यांना.”

काका उठले. त्यांनी किल्ली माझ्यातून काढली आणि काकूंच्या पर्समध्ये टाकली. “तीस वर्षांत माझ्या गाडीत एकाला खरचटलं नाही. ही आता इथून हलणार नाही.”

गोडबोल्या आधी हसला, मग चिडला, मग गयावया करू लागला. काकांनी तोवर फोन लावला होता. दर वर्षी त्यांची बस तपासणारे आरटीओचे साहेब तासाभरात आले, वर्तमानपत्र अंथरून माझ्याखाली शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. बाहेर आल्यावर त्यांनी कागदावर दोन निरनिराळे नंबर लिहिले. दोन्ही गाड्या अपघातात मोडीत निघाल्याची नोंद होती. त्यांतल्या माणसांचं काय झालं, हे त्या नोंदीत नव्हतं. मला ते आजही माहीत नाही.

मला ओढून नेताना काकांनी माझ्या दारावर हात ठेवला. “बाई गं, तुझा काही दोष नाही,” ते म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवलं.

आता मी सरकारी आवारात उभी आहे. उद्या सकाळी कापणारा येणार आहे. मित्रांनो, मी जर नुसतीच म्हातारी असते, तर तुम्हाला म्हटलं असतं, जुन्या वस्तूंना जपा, त्यांना टाकून देऊ नका. पण मला तसं म्हणता येत नाही. मी अजूनही देखणी आहे. कुणीतरी भला माणूस कुंपणापलीकडून बघेल, हळहळेल आणि म्हणेल, इतकी छान गाडी कशाला मोडता, थोडा रंग मारला की होईल नवी. त्याला तेवढं अडवा. मला वाचवू नका.