मांडवगणचं जुनं विंडोज

हर्षदा तळेगाव ढमढेऱ्यात घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची. कंपनीनं स्वतःची प्रोग्रॅमिंग भाषा काढली होती आणि वेबसाइटवर ठळक लिहिलं होतं, 'जुन्या विंडोजवरही चालते.' चालते का, हे कुणी बघितलं नव्हतं. एका गिऱ्हाइकानं विचारलं, तेव्हा साहेबांना हर्षदा आठवली. गावाकडं जुनं काहीतरी असणारच, असं ते खात्रीनं म्हणाले. तिला राग आला. तिचा लॅपटॉप साहेबांच्यापेक्षा नवा होता. पण मांडवगण फराट्याला मामांच्या दूध डेअरीत विंडोज सेव्हन होतं, हेही खरंच.

सकाळचं दूध घेऊन झाल्यावर पोपटमामांनी कॉम्प्युटर मोकळा करून दिला. दुधाच्या पावत्यांना धक्का लागता कामा नये, असं बजावून ते शेजारीच बसले, म्हशीला इंजेक्शन देताना मालक बसतो तसे.

भाषा कॉम्प्युटरवर चढली, पण पहिल्याच प्रोग्रॅमला संदेश आला : फाइल सापडत नाही. हर्षदानं त्या संदेशाचा फोटो साहेबांना पाठवला. ऑफिसात तर सगळं पास झालंय, असं साहेबांनी कळवलं. तिनं खोदून विचारलं, तेव्हा उलगडा झाला. ऑफिसातलं 'जुनं विंडोज' म्हणजे नवाच कॉम्प्युटर होता. स्क्रीनवर तेवढं जुन्या विंडोजचं चित्र लावलं होतं.

डेअरीतूनच ती फोनवर मीटिंगला बसली. साहेबांनी तोडगा काढला : मामांना नवा कॉम्प्युटर भेट द्यायचा, म्हणजे अडचणच मिटली. सगळ्यांना तो पटला.

मामा ऐकत होते. त्यांनी हर्षदाला विचारलं, "नवा आला तर माझा वजनकाटा त्येला जोडला जाईल का?"

"न्हाई जोडला जायचा, काटा जुना हाय."

"मग बिघाड कशात हाय, माझ्या कॉम्प्युटरात का तुमच्या भाषेत?"

"भाषेत, मामा."

तिनं अहवालात 'नापास' लिहिलं. साहेबांनी बदलायची गळ घातली, ती बधली नाही. संध्याकाळी वेबसाइटवरची ओळ मात्र बदलली : 'जुन्या विंडोजवर चालण्याची क्षमता आहे.' मग हर्षदानं तो फोटो सरळ गिऱ्हाइकालाच पाठवला. आमच्याकडंही अगदी हेच दिसतं, असं त्यानं कळवलं.

दुरुस्तीचं काम शिक्षा म्हणून तिच्याच गळ्यात पडलं. महिनाभर ती जीपनं मांडवगणला जात राहिली आणि शेवटी प्रोग्रॅम चालला. कंपनीनं मोठी बातमी छापली : आमच्या ग्रामीण चाचणी केंद्राचं यश. मामांनी ती वाचली आणि हे केंद्र नेमकं कुठं हाय, असं भाचीला विचारलं.