शरदभियाचा चेला

“पुन्हा म्हण. पहिल्यापासून.”

“मैं दोपहर में दुकान पे गया. दादाजी से कहासुनी हो गई. मेरे को गुस्सा आया तो मैंने रॉड...”

“रॉड नाही रे बाबा! किती वेळा सांगू? हात म्हणायचं. रॉडचं नाव काढलं की कलम बदलतं. चल, फिरसे.”

वसुधा स्वयंपाकघरात भेंडी चिरत होती. बाहेरच्या खोलीत नवऱ्याची शिकवणी चालली होती, पण तिने कान दिला नाही. शरदचंद्रची शिकवणी ह्या घराला नवी नव्हती. मात्र ‘दुकान’ आणि ‘दादाजी’ एकत्र कानावर आले तशी तिची सुरी थांबली.

दादाजी म्हणजे लक्ष्मीकांतजी, दुसरे कोण! इंदौरच्या पोलोग्राउंडच्या रस्त्यावर त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं टीचभर दुकान होतं. वसुधा ज्या रेडीमेड कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवायची, तिथलं एकेक मशीन त्यांच्या हाताखालून गेलेलं. ती सगळी जागा एका सेठजींना बिल्डिंगसाठी हवी होती. बाकीचे दुकानदार निमूट उठून गेले, म्हातारा तेवढा उठला नाही. गुरुवारी भरदुपारी कोणीतरी त्यांचं कमरेचं हाड मोडून गेलं. पेपरवाल्यांनी ‘अज्ञात गुंडे’ असं छापलं. अज्ञात म्हणे! रस्त्यावरच्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक होतं की त्या भागात लोकांच्या जागा खाली करवायचं काम शरदभियाच, म्हणजे तिचा नवराच, करतो. आणि वसुधाला तर पेपर वाचायचीही गरज नव्हती. लग्न झाल्यापासून पाण्याचा पेला उचलून न ठेवणारा हा माणूस गुरुवारी घरी आला आणि स्वतःचा शर्ट स्वतः धुवायला बसला.

ती तशीच बाहेर आली. शरदचंद्र खुर्चीत बसला होता आणि समोर वेताच्या मोढ्यावर सुजय, हात मांडीवर ठेवून, परीक्षेला बसल्यासारखा.

सुजय मानपुरचा. बाप हायवेवर ट्रकचे पंक्चर काढतो. पोरगा पोलोग्राउंडमधल्या एका लेथ वर्कशॉपमध्ये लागला, तर तिथला मिस्त्री त्याला कधी नावाने हाक मारायचा नाही आणि चूक झाली की हातात असेल तो पाना फेकून मारायचा. एक दिवस शरदचंद्र आपल्या कामासाठी तिथे गेला, त्याने हे पाहिलं आणि म्हणाला, “सुजयजी, जरा पाणी पाजता का?” बस्स! जन्मात पहिल्यांदा कोणी ‘जी’ लावला, आणि पोरगा त्या एका ‘जी’वर विकला गेला. दुसऱ्या दिवशी वर्कशॉप सोडून ह्यांच्या दारात हजर.

तेव्हापासून शिकवणी सुरू झाली. आवाज चढवायचा नाही. ज्याला घाबरवायचं त्याच्याकडे आधी पाणी मागून प्यायचं. म्हाताऱ्याच्या पाया पडायचं. बूट पुसलेले हवेत. दारूला शिवायचं नाही, मोबाइलवर रील टाकायची नाही आणि काही झालं तरी पहिला हात आपला उठता कामा नये. शरदचंद्र स्वतः दुकानदार होऊन बसायचा आणि सुजय दारातून येऊन त्याला “काकाजी, आपकी चिंता लगी रहती है” असं म्हणून दाखवायचा. वसुधाला हसू यायचं. “अहो, हा गुंड कसला, विमा एजंट वाटतो,” ती म्हणायची आणि दोघांना थालीपीठ वाढायची. तिला वाटायचं, चला, नवऱ्याचा धंदा काही सुटणार नाही, पण पोराला चार बऱ्या सवयी तरी लागतायत. माणूस स्वतःची समजूत घालायला लागला की काय काय घालतो!

“हे काय चाललंय?” तिने विचारलं.

“कुठे काय? तयारी.”

“कसली तयारी? रॉड तुम्ही चालवला आणि पाठांतर ह्याचं?”

“वसू, हळू बोल.” शरदचंद्रचा आवाज लोण्यासारखा. “पेपरात बोंबाबोंब झाली आहे. सोमवारी ठाण्यात कोणाला तरी हजर करावंच लागणार. माझ्यावर आधीच्या इतक्या केसेस आहेत, मी गेलो तर जिल्हाबदर पक्का. इंदौर सोडून कुठे जाऊ ह्या वयात? सुजयचा रेकॉर्ड एकदम साफ आहे. दोन-तीन महिन्यांत जमानत. सेठजी वकील देणार आहेत. आमच्यात ह्याला खातं खुलणं म्हणतात. मीसुद्धा उस्तादासाठी असाच गेलो होतो.”

“मानसलाही हेच सांगितलं होतं तुम्ही.”

मानस हा सुजयच्या आधीचा चेला. तोही असाच ‘दोन-तीन महिन्यांसाठी’ गेला आणि आत कोणाच्या तरी भांडणात सापडून एक डोळा घालवून आला. आता तो एका मंगल कार्यालयाबाहेर गाड्या लावतो. वसुधा दिसली की पाठ फिरवतो.

“आणि साफ रेकॉर्डच पाहिजे ना?” वसुधा म्हणाली. “मग अनीशचाही साफच आहे. बोलवा पुण्याहून. बापाची केस मुलाने घेतली तर काय बिघडलं?”

“अनीशचं नाव मध्ये आणायचं नाही!”

आवाज चढवायचा नाही म्हणून जगाला शिकवणारा माणूस असा ओरडला की शेजारच्यांचा टीव्ही बंद झाला. वसुधा त्याच्याकडे बघतच राहिली. अनीशला ह्या माणसाने बारावीनंतर पुण्याला धाडलं होतं, इंजिनीअर केलं होतं, सुट्टीत आला तरी पोलोग्राउंडच्या बाजूला फिरकू दिलं नव्हतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! मानपुरला ज्याची आई आहे त्याला मात्र रॉडऐवजी हात म्हण, हे शिकवायचं.

सगळ्यात कहर म्हणजे सुजयच मान खाली घालून म्हणाला, “काकू, अनीशदादा शिकलेले आहेत. त्यांचं करिअर आहे.”

तिला त्या पोराच्या एक ठेवून द्यावीशी वाटली.

तो निघाला तशी ती त्याच्या मागे फाटकापर्यंत गेली. “सुजय, इकडे बघ. तू त्या दुकानात गेला होतास?”

“नाही. मी बाहेर गाडीवर होतो. भियांनी थांबायला सांगितलं होतं.”

“आत काय झालं?”

“बाहेर ऐकू येत होतं. भियांनी पाणी मागितलं. दादाजींनी दिलं. म्हणाले, पाणी घ्या आणि जा, दुकान माझ्या मेल्यावर मिळेल.” सुजयने गाडीची किल्ली बोटात फिरवली. “मग भियांचं बीपी वाढलं असणार. ते असे नाहीत, काकू.”

“बीपी! अरे येड्या, म्हाताऱ्याची कंबर मोडली त्यांनी! आज रात्री मानपुरची बस पकड. उद्या तिथूनही पुढे जा, मामाकडे, मावशीकडे, कुठेही. मी बघते इकडचं.”

“असं कसं?” त्याच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं. “भियांनी मला माणूस बनवलं. इतकी मुलं आहेत त्यांच्याकडे यायला बघणारी, पण भरवसा माझ्यावर टाकला. मी पळालो तर त्यांना तोंड कसं दाखवू? तुम्ही फालतू टेन्शन घेताय.”

तो तिच्या पायाशी वाकला. वसुधाने पाय मागे घेतले. कसला आशीर्वाद द्यायचा होता तिने? सुखाने तुरुंगात जा, असा?

सोमवारी सकाळी ती कारखान्यात न जाता ई-रिक्षा करून सरळ ठाण्यात गेली. इतकी वर्षं शरदभियाची बायको म्हणून काढली, पण ठाण्याची पायरी ती कधी चढली नव्हती. सुजय तिच्या आधीच तिथे पोहोचला होता. इस्त्रीचा आकाशी शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस. लग्नाला निघाल्यासारखा बाकावर बसला होता.

ठाण्याच्या मुख्य साहेबांनी तिला खुर्ची दिली. ह्यांना कोण ओळखत नाही? “भाभीजी, आप यहाँ?”

“साहब, लक्ष्मीकांतजी को मेरे आदमी ने मारा है,” वसुधा एका दमात म्हणाली. “ये लड़का तो बाहर गाड़ी पे बैठा था. मेरा बयान लिखिए.”

समोरचा शिपाई लिहिता लिहिता थांबला. साहेब खुर्चीत मागे रेलले.

“आपने देखा?”

“देखा नहीं. पर उस दिन घर आके उन्होंने अपना शर्ट खुद धोया.”

साहेब हसले. शिपाईही हसला. “शर्ट धोने पे तो हम किसी को अंदर नहीं कर सकते, भाभीजी.”

“दादाजी से पूछिए ना!”

“पूछ लिया. उन्होंने किसी को नहीं देखा. उनके बेटे ने भी यही लिखवाया है. उनको मेन रोड पे नई दुकान मिल रही है.”

म्हणजे सगळं आधीच ठरलं होतं. सेठजींनी मुलाला दुकान दिलं, मुलाने बापाचं तोंड बंद केलं, ठाण्याला आरोपी मिळाला, शरदचंद्रला त्याचं इंदौर मिळालं. करून सवरून सगळे नामानिराळे! एका घरातल्या बाईला खरं बोलायचं होतं, तर ते खरं लिहून घ्यायला कोणी तयार नव्हतं.

साहेबांनी सुजयला आत बोलावलं. “हाँ भाई, बता इनको. क्या हुआ था?”

सुजयने एकदाही वसुधाकडे बघितलं नाही. “मैं दोपहर में दुकान पे गया. दादाजी से कहासुनी हो गई. मेरे को गुस्सा आया तो मैंने हाथ से धक्का दे दिया. मैं अकेला था.” कुठे अडखळला नाही, शब्द गाळला नाही. आणि मग, न शिकवलेलं, त्याचं स्वतःचं वाक्य तो बोलला. “काकूजी की तबीयत ठीक नहीं रहती, साहब. इनको थोड़ा पानी पिला दीजिए.”

आवाज मऊ होता, अदबशीर होता. तो सुजयचा आवाज नव्हताच, हुबेहूब शरदचंद्रचा होता. गुरूने विद्या पुरती दिली होती, आणि चेल्याने तिचा पहिला वापर वसुधावरच केला. शिपायाने पाण्याचा ग्लास पुढे केला. तिने तो घेतला नाही.

घरी शरदचंद्रने तिला काही विचारलं नाही. त्याच्या कानावर गेलंच असणार. जेवायला बसताना तो एवढंच म्हणाला, “मुलगा हिऱ्यासारखा आहे.”

“मग कोळशाच्या भट्टीत कशाला घातलात?” वसुधाने विचारलं. ताट त्याच्यापुढे ठेवलं आणि ती आतल्या खोलीत जाऊन निजली.

मंगळवारी जे झालं ते मात्र कोणीच सुजयला सांगितलं नव्हतं. कोर्ट होईल, जेल होईल, वकील येईल, एवढंच त्याला माहीत. पण पेपरात इतका गवगवा झाल्यावर आपण काहीतरी केलं हे ठाण्यालाही दाखवायचं होतं. आणि इंदौरात ते दाखवायची एक तऱ्हा आहे. ज्या भागात गुन्हा झाला त्याच भागातून आरोपीची वरात काढायची, कान धरायला लावायचे, ‘गुंडागर्दी पाप है’ असं त्याच्याकडून ओरडून घ्यायचं.

दुपारी कारखान्यातल्या मुली खिडकीकडे धावल्या. “जुलूस आया, जुलूस!” वसुधाने मशीनवरचा पाय काढला. सुपरवायझर मागून ओरडला, पण ती जिना उतरून रस्त्यावर पोहोचलीसुद्धा.

सुजय दोन्ही हातांनी कान धरून लंगडत येत होता. आकाशी शर्ट खांद्यावर फाटला होता. रात्रीत त्याला चांगलंच तुडवलेलं दिसत होतं. “गुंडागर्दी पाप है,” तो म्हणायचा, आणि मागचा हवालदार म्हणायचा, “ज़ोर से!” दोन्ही बाजूंना दुकानदार मोबाइल धरून उभे होते. ह्याच लोकांनी वर्षानुवर्षं शरदभियाला बघून रस्ते बदलले होते, हात जोडून ‘भिया, चाय?’ म्हटलं होतं. आज कसे शूर झाले होते सगळे! मऊ लागलं की कोपराने खणायचं! “अरे, इधर देख, हीरो!” कोणीतरी ओरडलं, आणि लोक हसले.

वसुधा गर्दीत घुसली आणि थेट त्याच्या शेजारी जाऊन चालायला लागली.

“माताजी, साइड में,” हवालदार म्हणाला.

ती हलली नाही. ही कोण बाई ते चार जणांनी ओळखलं. “अरे, ये तो शरदभिया की...” कुजबुज झाली, आणि एकेक मोबाइल खाली गेला.

सुजयने तिच्याकडे पाहिलं. ठाण्यातला तो मऊ आवाज कुठल्या कुठे गेला होता. ओठ सुजले होते, त्यामुळे शब्द नीट फुटत नव्हते.

“काकू, भिया आलेत का?”

वसुधाला गर्दीकडे बघायची गरज नव्हती. येतायत, पुढे चौकात उभे आहेत, असं सांगता आलं असतं. पोराला तेवढाच धीर आला असता. पण ह्या पोराला खोटं सांगणारे आधीच पुष्कळ झाले होते.

“नाही,” ती म्हणाली. “ते येणार नाहीत. मी आलेय.”

तो थांबला. हवालदाराने पाठीत काठी टोचली. वसुधाने त्याचा उजवा हात कानावरून काढला आणि आपल्या हातात घट्ट धरला.

“हाथ कान पे!” हवालदार ओरडला.

तिने हात सोडला नाही. एक कान धरून, दुसरा हात तिच्या हातात देऊन, सुजय लंगडत पुढे चालू लागला.