निळसर दगडाची भुकटी

एकोणऐंशी साली इश्वरने सानगडीत दातांचा दवाखाना थाटला. लोक विश्वासाने येत, पण महिन्या-दोन महिन्यांत तेच लोक तोंड धरून परत येत. जस्ताची पांढरी भुकटी लवंगेच्या तेलात मळून तो दाढ भरायचा. फुटाणे खाता खाता ते सिमेंट फुटायचं. "डाक्टर, तुमचं काम कच्चं हाये," असं कोणी तोंडावर म्हटलं की तो पैसे न घेता ती दाढ पुन्हा भरून द्यायचा.

या भुकटीत काही खनिजं मिसळली तर सिमेंट घट्ट होतं, हे त्याने कॉलेजात वाचलं होतं. तशी तयार भुकटी मात्र इकडे मिळेना. खाणीत कामाला असलेल्या गुलाबने, त्याच्या मित्राने, निळसर दगडाचे तुकडे आणून दिले. इश्वरने ते आठ दिवस खलात कुटले, मलमलीतून गाळले, जस्ताच्या भुकटीत कमीजास्त मिसळून खडूएवढ्या कांड्या पाडल्या आणि त्यांच्यावर वजनं ठेवून पाहिली. चौथा हिस्सा दगड घातलेली कांडी साध्या कांडीच्या दुप्पट वजन पेलायची. त्याहून जास्त घातला, तर भुसभुशीत व्हायची.

त्या उन्हाळ्यात त्याने या नव्या सिमेंटाने नऊ जणांच्या दाढा भरल्या. कोणाचंही सिमेंट फुटलं नाही.

दीड वर्षाने त्यांतली धुरपताबाई आली. "खालची भरलेली मस्त हाये, डाक्टर. पण वरची झणझणते. थंड पाणी लागलं का जीव जाते."

इश्वरने आरसा धरला. भरलेल्या दाढेच्या बरोबर वर, तिची धडधाकट दाढ खोलगट झिजली होती. त्याने बरणीतला एक उपटलेला दात काढला, त्यावर दगड घातलेली जुनी कांडी घासली. दातावर चरे पडले; कांडीला काहीच झालं नाही.

वयामुळे झिजली, असं म्हणता आलं असतं.

"बाई, तुमची वरची दाढ माझ्या सिमेंटाने खाल्ली. मी त्यात दगड मिसळला होता."

धुरपताबाई खुर्चीत उठून बसली. "दगड टाकू काय, म्हणून मले विचारलं होतं तुम्ही?"

"नाही."

"काहून नाही?"

"ते सिमेंट काढून टाकतो, बाई. साधं भरून देतो." तिने तोंड उघडलं. पायाने चालवायच्या मशीनने ते सिमेंट कोरायला दुपार झाली, दोन टोकं बोथट झाली. खुर्चीचा हात तिने शेवटपर्यंत सोडला नाही.

मग तो सायकलवर बाकीच्या आठ घरी गेला. सात जण सिमेंट काढून घ्यायला आले. भैय्यालाल दुकानदाराने साफ नकार दिला. "दुखत नाही, खुपत नाही. कायले उकरता?" इश्वरने समजावलं, आरशात वरची दाढ दाखवली, हात जोडले. भैय्यालाल नुसता हसला.

पुढच्या उन्हाळ्यात त्याची वरची दाढ काढावी लागली. इश्वरनेच काढली. तरी भर बाजारात भैय्यालाल तोंड वासून गिऱ्हाइकांना खालची दाढ दाखवायचा आणि म्हणायचा, "इश्वर डाक्टरचं काम म्हंजे पक्कं!" ते कानावर पडलं की इश्वर मान खाली घालून पुढे निघून जायचा.