आरशांचा फेटिया

जमनीच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. बासष्ट सालच्या दिवाळीच्या सुटीत ते केळापूरकडच्या तिच्या तांड्यावरून आलं. ‘काका, मी सिनेमात नाचली असं उत्तमसिंगनं तांड्यात सांगितलं. बापू म्हणते, आता शिक्षण बंद. ती मी नव्हती. कोण होती ते मले सांगता येत नाही, शपथ आहे. तुम्ही तिथं होते. मोठ्या माणसानं लिहून देल्लं तर बापू ऐकतीन. दोन ओळी लिहा.’

दोन ओळी. जन्मभर वाचनालयात लोकांना पुस्तकं काढून देणाऱ्या माणसाला त्या जमू नयेत!

जमनी यवतमाळच्या ट्रेनिंग कॉलेजात माझी पुतणी शोभा हिच्या वर्गात होती. सहामाही परीक्षा संपली तेव्हा शोभा, जमनी आणि सुनीती अशा तिघींनी सिनेमाला जायचं ठरवलं. वसतिगृहाच्या कांताबाईंची अट होती : बरोबर वडीलधारा पुरुष हवा. शोभा म्हणाली, “आपले काका आहेत ना. पुस्तकातून डोकं वर काढत नाहीत. असा सोबती शोधून मिळणार नाही.”

दुपारपासून आमच्या घरात आतल्या खोलीचं दार बंद होतं. पावडरचा वास आणि हसणं तेवढं बाहेर येत होतं. टांगा दारात उभा राहिला. आधी सुनीती आली, भावाचा काळा चष्मा लावून. दिवेलागणीची वेळ, ती उंबऱ्याला अडखळली. मागून आरसे आणि कवड्या लावलेला घेरदार घागरा झळकला. त्याला बंजारा बायका फेटिया म्हणतात. वर कांचळी म्हणजे त्यांची चोळी, डोक्यावरून ओढणी.

“जमनी, बस पुढे,” मी म्हणालो.

ओढणीतून शोभा खदखदून हसली. “काका, फसले!”

जमनी तिच्यामागे उभी होती. शोभाची आकाशी नायलॉनची साडी, केसांत गजरा, ओठांवर लाली. ती सारखी पदर सावरत होती. “काका, हे साडी आंगावर हाये का नाही तेच समजत नाही मले. वाऱ्यानं उडून जाईन!”

“उडाली तर पकडू,” सुनीती म्हणाली. “माझ्या चष्म्यातून दिसली तर.”

टॉकीजमध्ये बायकांची बाजू वेगळी होती, मध्ये गुडघ्याएवढी भिंत. मी अलीकडच्या बाकावर बसलो. मध्यंतरानंतर फिल्म तुटली. पडदा पांढरा झाला, पोरं ओरडू लागली. तेवढ्यात शोभा बाकावर चढली आणि तिनं एकच गिरकी घेतली. मशीनचा झोत फेटियावर पडला. पत्र्याच्या छतावर, भिंतींवर, पंख्यांवर, आमच्या सदऱ्यांवर उजेडाचे ठिपके धावले. सगळ्या टॉकीजभर टाळ्या पडल्या. इतकं सुंदर मी पुस्तकातसुद्धा पाहिलं नव्हतं.

परतताना टांग्यात शोभा एकदम घाबरली. उमरखेडचे लोक तिला बघायला येणार होते. “कोणी कुठे बोलायचं नाही. माझी शपथ आहे,” ती म्हणाली. जमनीनं मान हलवली. कापसाची गाडी घेऊन बाजाराला आलेला जमनीच्या तांड्यातला उत्तमसिंग पुरुषांच्या बाजूला बसला होता, हे आम्हांला कुठे ठाऊक? त्यानं फेटिया ओळखला. माणूस ओळखायची त्याला गरज वाटली नाही. मला तरी कुठे वाटली होती?

सुटी संपली. जमनीची खाट रिकामीच राहिली. कांताबाई म्हणाल्या, “महिनाअखेरपर्यंत जागा ठेवते. पुढे माझ्या हातात नाही.”

मी रोज कागद पुढे घेऊन बसे. ‘ती जमनी नव्हती’ एवढंच लिहिलं तर जमनीचे बापू धावजी नाईक विचारणार, मग कोण? शोभाचं नाव लिहिलं तर पोरीचं जमू पाहणारं लग्न माझ्या हातून मोडायचं. शेवटी एका दुपारी शोभा तांदूळ निवडत असताना मी पत्र तिच्यापुढे ठेवलं.

“हे कधी आलं?”

“दिवाळीत.”

“आणि तुम्ही आज सांगून राह्यले? मी समजत होते, ती आजारी आहे!” तिचे डोळे भरले. “माझ्या शपथेपायी ती तिथं बसली, काका. लिहा माझं नाव. आडनावासकट लिहा.”

“पण उमरखेडची मंडळी...”

“त्यांना मीच सांगते. चहा हातात देतानाच सांगते, कप हलला तर कळेल.” आणि थोड्या हळू आवाजात, “नाही म्हणाले तर नाही म्हणतील. कायले भ्यायचं?”

मी लिहायला बसलो. ‘आपणांस सविनय निवेदन करण्यात येते की’ इथवर आलो, तोच तिनं कागद ओढला. “धावजीबापूंना हे कोण समजावणार? साधं लिहा.”

मग साधं लिहिलं. ती गिरकी माझ्या पुतणीनं घेतली, कपडे फक्त जमनीचे होते, आणि दोघींच्या वागण्यात अब्रूला बाध येईल असं मला काही दिसलं नाही. जमनी वर्गात पहिली आहे. तिची जागा अजून आहे. खाली मी सही केली. त्याखाली शोभानं केली.

पांढरकवड्याच्या गाडीनं केळापूरकडचं टपाल जायची वेळ झाली होती. आम्ही पोस्टापर्यंत जवळजवळ धावत गेलो. पेटीच्या तोंडाशी माझा हात थबकला.

“शोभा, माझं म्हणणं ते मानतील का गं?”

“काका, आधी सोडा तर!”

मी पत्र सोडलं.