हिरवी खूण

मित्रांनो, मी एक जुनी किल्ली आहे. कमरेला लटकणारी नव्हे, संगणकात राहणारी. एकाच प्रोग्रामवर दहाजण हात चालवतात, तेव्हा कोणता बदल कोणाचा, याचा पुरावा लागतो. माझी मालकीण आपल्या प्रत्येक बदलावर माझ्याकडून सही करून घेई. सही जुळली की पडद्यावर हिरवी खूण उमटे, आणि मी फुशारून जाई.

ग्राहकांना द्यायची ऑफिसची माहितीपुस्तिकाही तीच लिहायची. त्यात तिनं लिहिलं, 'हिरवी खूण दिसली, म्हणजे सही त्याच माणसाच्या किल्लीची. मात्र किल्ली तेव्हा कोणाच्या हातात होती, हे खूण सांगत नाही.' साहेबांनी दुसरं वाक्य उडवलं.

"ग्राहक उगाच बिचकतील," ते म्हणाले. तिनं मान डोलावली. घर तिच्या एकटीवर होतं.

मग तिच्या आईला अतिदक्षता विभागात हलवलं. ती रजा मागायला गेली.

"जा ना, आई आधी," साहेब म्हणाले. "फक्त लॅपटॉप ठेवून जा आणि किल्लीचा पासवर्ड सांगून जा. काम अडायला नको."

तिनं दोन्ही दिलं आणि धावत सुटली.

साहेबांनी एक बदल न तपासताच घुसवला आणि माझ्याकडून सही घेतली. मीही निमूट केली. मला पासवर्ड कळतो, माणूस कळत नाही. त्या बदलानं एका दवाखान्यातल्या रुग्णांच्या नोंदी पुसल्या गेल्या.

कंपनीच्या मालकांनी दोघांना समोर बसवलं.

"मी आईजवळ होते," ती म्हणाली. "पासवर्ड सरांकडे होता."

"मला कशाला देतील त्या?" साहेब हळहळले. "पुस्तिका तुम्हीच लिहिलीत ना? वाचा बरं."

तिनं पहिलं वाक्य वाचलं.

"पुढे?" मालकांनी विचारलं.

पुढे काहीच नव्हतं. पडद्यावर मी हिरवीगार चमकत होते. तिला त्याच दिवशी घरी पाठवलं आणि मला रद्द केलं.

आता माझी एक प्रत पेनड्राइव्हमध्ये, तिच्या आईच्या औषधांच्या डब्यात पडून आहे. मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही, मला काही होत नाही. तुम्ही स्वतःला जपा. घरचं माणूस शेवटच्या घटका मोजत असलं, तरी आपली किल्ली कोणाला देऊ नका.

आई बरी झाली. नोकरी गेल्याचं तिला अजून माहीत नाही. गोळी घेताना ती रोज म्हणते, "तुझे साहेब देवमाणूस गं. मागितल्याबरोबर सोडलं तुला."

"हो," लेक म्हणते, आणि पाण्याचा पेला पुढे करते.